तांबूचं धारोष्ण दूध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं त्यांनाही ठाऊक नाही — आणि खरं वाईट तेच आहे. मला हे सरळ सांगता यायचं नाही. फाटे फुटतील.

रहाटणीत आमच्या घरामागे दोन गाई होत्या, तांबू त्यातली एक. शेत गेलं, चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण गोठा मी हलू दिला नाही. माझ्या दुधाचा मला भारी तोरा होता. थेंबभर पाणी घातलं असेल तर कुणी सिद्ध करून दाखवावं! सोसायटीतल्या बायका किटली घेऊन आल्या की मी ऐकवायचे — पिशवीतलं दूध म्हणजे काय दूध असतं होय? गाईजवळ उभं राहावं, ग्लासात धार घ्यावी, फेस आहे तोवर प्यावं. उकळलं की त्यातला जीवच गेला. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते हो. तेव्हा तरी नव्हते.

बायका हसून ऐकायच्या आणि घरी नेऊन उकळायच्या. माझं खरं मानायची ती फक्त माया.

माया आमच्या मागच्या खोलीतली भाडेकरू, लातूरकडची. नवरा चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. सकाळी बस यायची, तो जायचा, आणि पोरगी दिवसभर एकटी. माझी लेक लांब दिलेली. मग मी हिलाच धरून ठेवलं म्हणा ना. दिवस गेल्याचं तिनं सासूच्या आधी मला सांगितलं. मी म्हणाले, उद्यापासून ग्लास घेऊन ये. तांबूचं धारोष्ण दूध, वर केशराच्या दोन काड्या — बाळ कसं गोरंपान होतंय बघच! तिला उमासे यायचे. नाक दाबून प्यायची, ओठावरचा फेस पुसायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

तांबूही गाभण होती. सातवा लागला होता. आता धार बंद करून तिला आटवायला हवं, तिच्या अंगावर काही उरायला हवं, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. आज-उद्या करत मी पिळत राहिले.

आणि एका दुपारी ती गाभडली. वासरू मेलेलंच पडलं, ओलं, डोळे मिटलेले. वार अडकली म्हणून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. तरणा पोरगा होता. हातमोजे काढता काढता म्हणाला, मावशी, मला एका आजाराचा संशय आहे, तो माणसालाही लागतो. रक्त तपासू. तोवर कच्चं दूध कुणी तोंडाला लावायचं नाही, उकळूनच घ्यायचं. घरात गरोदर बाई असेल तर तिला गोठ्यात फिरकूसुद्धा देऊ नका. हे त्यानं दोनदा सांगितलं. मला ऐकू आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी मान डोलावली होती.

ह्यांनी परसात खड्डा घेतला, चुना टाकून वासरू पुरलं आणि म्हणाले, "कुणाला बोलू नको. गिऱ्हाईक तुटंल." त्यांना वाटतं मी गिऱ्हाइकासाठी गप्प बसले. तसं नाही. मला लाज वाटली — माझ्या दुधात आजार? आणि राग आला. कालचं पोर मला दूध शिकवणार? तो रक्त घ्यायला परत आला, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावला. गाय ठणठणीत आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया ग्लास घेऊन आली. तांबू दाव्याला हिसके देत हंबरत होती. दूध न्यायला आलेल्यांपैकी कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. शहरातल्या माणसांना वाटतं, गाय म्हणजे नळच, सोडला की दूध येतं. त्यामागे एक वासरू असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मायाच्या आलं.

"मावशी, ही अशी का ओरडायली? पोट बी उतरलंय. व्याली का? वासरू कुठंय?"

"तळेगावला धाडलं, माझ्या भावाकडं."

एवढं पटकन कसं आलं हो माझ्या तोंडून? आणि 'थांब, आज उकळून देते' — हे तीन-चार शब्द का आले नाहीत? ओठांपर्यंत आले होते. पण मग तिनं विचारलं असतं, का? मी खाली बसले आणि तिच्या ग्लासात धार काढली. त्या दिवशी, आणि पुढचे दहा-पंधरा दिवस.

मग तिला ताप भरला. उतरायचा, पुन्हा चढायचा, कंबर धरून बसायची. पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं.

दुधामुळेच गेलं का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही, कारण तपासलं कुणी नाही. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, काही कच्चं खाल्लं-प्यायलं होतं का? माया म्हणाली, नाही. तिच्या लेखी ते दूध कच्चं नव्हतंच, मावशीनं दिलेलं होतं. मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले होते. तिची पिशवी मांडीवर घेऊन.

हेही एक वेळ भित्रेपणा म्हणून सोडून देईन. पुढचं नाही देता येत.

घरी आणल्यावर गावाहून आलेली सासू तिच्यामागे लागली, काय खाल्लंस, खरं सांग. शेवटी माया रडत म्हणाली, शेजारणीकडं पपईच्या दोन फोडी खाल्ल्या. झालं! सासू माझ्याकडे वळली, "तुमीच सांगा ताई, तुमी जाणत्या हाव." मायानंही माझ्याकडे पाहिलं. मी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "पपई उष्णच. त्यानं होतं असं."

कुणी माझा गळा धरला नव्हता. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले, आणि बोलल्यावर मला हलकं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

तांबूला पुढे चाकणच्या बाजारात विकली. घेणाऱ्यानं विचारलं, काही खोड? मी म्हणाले, काही नाही, गरीब आहे. आता ती कुणाच्या दावणीला असेल, कोण तिच्याजवळ ग्लास घेऊन उभं राहत असेल, मला माहीत नाही.

मायाच्या नवऱ्यानं मग तळेगावला खोली घेतली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पुन्हा दिवस गेलेत, चौथा लागलाय. तुमच्यासारखं दूध इकडं मिळत नाही म्हणाली. मी म्हणाले, पिशवीतलं घे, उकळून घे. तिला नवल वाटलं, हसली. तिनं 'का' विचारलं असतं तर — पण नाही विचारलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "मावशी, या बारीला पपईला हात बी लावला नाही बघा."

मी म्हणाले, "बरं केलंस गं."