कंडक्टरशिवायच्या गाडीत आई

आई जर्मनीला मला भेटायला येतेय, असं तिच्या व्हिसाच्या अर्जात लिहिलं होतं. मी तिथं शिकायला होते आणि अर्ज मीच भरला होता. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला ती खोलीवर पोचल्यावर, बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढता काढता कळलं. डेपोतल्या मंडळींनी तिला कामगिरीवर पाठवलं होतं.

आई बावीस वर्षं कंडक्टर आहे. गेली काही वर्षं ती संभाजीनगर-पैठण गाडीवर असते. त्या दिवसांत डेपोत कुजबुज चालू होती की काही मार्गांवर आता कंडक्टर नसेल, ड्रायव्हरच तिकीट देईल. लेखी कुणी काही पाहिलं नव्हतं, पण तोंडातोंडी फिरणाऱ्या नावांत पैठण होतं. आईच्या नोकरीची अजून बरीच वर्षं शिल्लक होती. कंडक्टर नको असलेल्या गाडीच्या कंडक्टरला नंतर कुठं बसवतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात तिची रजा मंजूर झाली. युनियनच्या सेक्रेटरीकाकांनी लगेच योजना आखली. जर्मनीत म्हणे सगळ्याच बस कंडक्टरशिवाय चालतात, तर मॅडमनी, म्हणजे आईनं, तिथले हाल डोळ्यांनी बघावेत, मुलीनं पत्रक लिहून पाठवावं आणि सोमवारी डेपोच्या फाटकावरच्या सभेत ते वाटावं. मथळासुद्धा त्यांनी देऊन ठेवला होता: ‘परदेशातही फसला विनावाहक प्रयोग’. आईचं विमान तेव्हा मुंबईहून उडायचं होतं.

मी पत्रकांवरच वाढले. आमच्या घरी पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असायचे. मला ‘कमळ’ वाचता येण्याआधी ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. पहिलं पत्रक मी नववीत लिहिलं, शाळेच्या कोरड्या नळावर, आणि ते मुख्याध्यापकांच्याच टेबलावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. पत्रकात आवाज कितीही चढवावा, पण खोटं एक अक्षर लिहू नये. समोरच्याला तेवढं एकच पुरतं. हे मी आईला पहिल्या रात्रीच ऐकवलं. ती म्हणाली, खोटं लिही असं कुणी म्हणलंय, उद्यापासून चल आणि बघ.

मग आम्ही बसनं फिरायला लागलो. बघण्यासारखं त्या शहरात पुष्कळ होतं, पण आईनं त्यातलं काही पाहिलं नाही. ती बस पाहत होती.

पहिल्याच सकाळी फलकावर लिहिलेल्या मिनिटाला बस आली. आईनं घड्याळाकडं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दार उघडलं तशी बस फूटपाथच्या बाजूला सुस्कारा टाकून थोडी झुकली, म्हाताऱ्या माणसांना पायरी चढावी लागू नये म्हणून. आईला वाटलं टायर बसला. तिनं वाकून बघितलंसुद्धा.

आत रिकाम्या सीटा होत्या, पण आई बसेना. गाडी सुटल्याशिवाय कंडक्टर बसत नाही. मधल्या दाराशी दांडीला धरून ती उभी राहिली. माझं खाकी जाकीट तिच्या अंगात होतं आणि आठवड्याचा पास तिनं प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला होता. सगळे चढले, दार लागलं, आणि आईनं सवयीनं दांडीवरचं लाल बटण दोनदा दाबलं.

आपल्याकडं सिंगल बेल म्हणजे थांबा आणि डबल म्हणजे चला. हे बटण कितीही वेळा दाबा, त्याचा अर्थ एकच: पुढच्या थांब्यावर मला उतरायचंय. बस पुढच्या थांब्यावर थांबली. दारं उघडली. कुणी उतरलं नाही. दारं लागली. आईनं पुन्हा डबल दिली. असे तीन थांबे झाले. चौथ्याला ड्रायव्हर माइकवरून काहीतरी बोलला. मी आईला सांगितलं, तो विचारतोय कुणाला उतरायचंय. खरं तर तो त्याहून बरंच जास्त बोलला होता.

‘त्याला सांग, डबल दिली व्हती,’ आई म्हणाली. ‘बेल कळत नाय आन् गाडी चालवतो.’

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोष शोधत हिंडलो. आईनं निघण्याआधीच मुद्दे काढले होते: भांडण, धक्काबुक्की, दारात लटकणं, मागं धावत येणारा माणूस सुटणं, बिनतिकीट. भांडण सापडलं नाही. धावत आलेल्या एका बाईसाठी आत उभ्या असलेल्या माणसानं दारात पाय ठेवला. बाबागाडी चढवायला दोन अनोळखी लोकांनी न सांगता हात लावला. व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ थांब्यावर दिसले, तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, आता बघ. ड्रायव्हर खाली उतरला, मधल्या दारापाशी आला, गाडीच्या फरशीतली फळी ओढून फूटपाथवर उलटी टाकली, त्यांना आत घेतलं, फळी बंद केली आणि जाऊन बसला. कुणी घड्याळ बघितलं नाही. आईनं त्या फळीची कडी कशी लागते ते पायानं चाचपून पाहिलं.

बिनतिकीट मात्र तिला सोडवेना. दारात कुणी विचारत नाही, मग कोण फुकट्या ते कळतं कसं? मी सांगितलं की कधीमधी साध्या कपड्यांतले तपासनीस येतात, पण ते ओळखू येत नाहीत.

‘मागच्या दारातून एक चढला, पुढच्या दारातून एक,’ दुसऱ्याच थांब्यावर आई म्हणाली. ‘एकमेकांची चांगली ओळख हाय आन् एकमेकांकडं बघितलं नाय. काढ पास.’

दार लागताच दोघांनी खिशातून ओळखपत्रं काढली. आईनं पास आधीच हातात धरला होता. तिच्यापाशी आलेला तपासनीस चपापला. परक्या देशात माझी आई इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती. पण पत्रकाच्या दृष्टीनं याचा काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी थांब्याच्या बाकावर बसलो असताना ती हळूच म्हणाली, ‘चालती गं गाडी.’ चालत होतीच.

शनिवारी दुपारी मी मागच्या सीटवर वहीत टिपणं काढत बसले होते आणि आई नेहमीच्या जागी, मधल्या दाराशी होती. एक आजोबा चढले. हातात काठी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली फुलं. खाकी जाकीट आणि गळ्यातला पास बघून त्यांनी आईलाच काहीतरी विचारलं. आईनं त्यांच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान डोलावली.

आईचा एक अभिमान आहे. चढणारा माणूस बघून तो कुठं उतरणार हे ती सांगते. डबा आणि बूट बघून चितेगावच्या कंपनीतला ओळखते, पिशवीवरून पैठणच्या बाजाराचा, आणि तोंड उघडायच्या आत तिकीट हातात देते. तीन दिवसांत तिनं एवढं हेरलं होतं की हातात फुलं असलेली माणसं हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरतात.

हॉस्पिटलचा थांबा आला. आईनं बटण दाबलं, ‘चला बाबा, आलं तुमचं,’ असं खणखणीत आवाजात सांगितलं, आजोबांचा दंड धरला, त्यांना सांभाळून फूटपाथवर उतरवलं, काठी नीट हातात दिली आणि परत वर चढली. बस निघाली. मागच्या काचेतून मला आजोबा दिसत होते. ते एक हात वर करून उभे होते, निरोपाचा की थांबवण्याचा ते कळत नव्हतं.

आई माझ्याजवळ आली ती विजयी मुद्रेनं. म्हणाली, म्हातारा माणूस, भांबावलेला, ड्रायव्हर काचेच्या मागं, विचारायला कुणी नाही. मी होते म्हणून उतरला. लिही.

‘त्यांनी तुला काय विचारलं?’

‘मला काय ठाऊक? फुलं व्हती ना.’

समोरच्या सीटवरची बाई आमच्याकडं केव्हाची बघत होती. तिनं मला इंग्रजीतून, शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं की आजोबांनी विचारलं होतं, ही बस शेवटच्या थांब्यापर्यंत जाते ना? तिथल्या हॉलमध्ये दर शनिवारी म्हाताऱ्या माणसांचा नाच असतो. ते तिकडंच निघाले होते.

मी ते आईला सांगितलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पुढच्याच थांब्यावर उतरून आम्ही उलट्या दिशेनं जवळजवळ पळत सुटलो. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि माझ्यापुढं आई, गळ्यात पास हलतोय, ‘नाचाला? ह्या वयात?’ असं पुटपुटत चालली होती. आजोबा बाकावर बसले होते, फुलं मांडीवर. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. माझी आई कंडक्टर आहे, पण इथली नाही. ते खूप हसले. म्हणाले, उतरताना मलाही शंका आली होती, पण वाटलं, बाईंना माहीत असणार.

हे मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा तिनं गळ्यातला पास काढून खिशात ठेवला.

पुढच्या बसनं आम्ही त्यांना शेवटच्या थांब्यापर्यंत सोडलं. आईनं वाटेत एकही बटण दाबलं नाही. हॉलच्या दारात निळ्या झग्यातल्या एक आजी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आजोबांनी फुलं पुढं करून आईकडं बोट दाखवलं आणि आपल्या उशिराचा खुलासा दिला. आजींचा त्यावर विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी पत्रक लिहायला बसलो आणि भांडण झालं. सेक्रेटरीकाकांचे तोवर दोन फोन येऊन गेले होते. छापखाना दुपारपर्यंतच थांबणार होता. आईचं म्हणणं सरळ होतं. लिही की कंडक्टर नसलेल्या गाडीत एक म्हातारा भलत्याच थांब्यावर उतरला. यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखव.

एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच मला राग आला. ‘त्याला कंडक्टरनं उतरवलं, आई. चार दिवसांत या गावात एकच माणूस चुकीच्या जागी उतरला, आणि त्याला उतरवणारी कंडक्टर होती. मी हे लपवून लिहिणार नाही.’

आई भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला.

‘तुला तत्त्वं परवडतात,’ ती म्हणाली, ‘कारण मला पगार हाय.’

एवढं बोलून तिनं नळ पुन्हा सोडला. माझ्या कॉलेजच्या फीपासून ते जर्मनीच्या तिकिटापर्यंत सगळं तिच्या कंडक्टरच्या चामडी बॅगेतून आलं होतं. मी खिडकीजवळ जाऊन बसले. खालून एक बस गेली, वेळेवर.

मग मी लिहिलं. तिथं कंडक्टरशिवाय बस चालते आणि चांगली चालते, हे आम्ही चार दिवस डोळ्यांनी पाहिलं, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. नंतर ती कशामुळं चालते ते लिहिलं. बस झुकते, फळी निघते, ड्रायव्हरला खाली उतरायला वेळ दिलेला असतो, थांब्यावर मिनिटांचा फलक असतो, आणि बसायला जागा असते. पैठण रस्त्यावर शिफ्ट सुटते तेव्हा दारात किती माणसं असतात, दाराबाहेर राहिलेल्या पोराला आत कोण ओढतं, आणि ड्रायव्हरनं त्या गर्दीत तिकिटं द्यायची तर रस्ता कुणी बघायचा, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं: ती झुकणारी बस, ती फळी, तो फलक आणि ती जागा आधी आणा, मग आम्हाला विचारा. आम्ही स्वतः खाली उतरू. आणि आजोबांची हकिगत जशी घडली तशी लिहिली. ‘आमच्यातल्या एका कंडक्टरनं सवयीनं, न विचारता, एका गृहस्थांना भलत्या थांब्यावर उतरवलं.’

आईनं हात पुसले, चष्मा लावला आणि दोनदा वाचलं. मग पेन मागितला. मला वाटलं, आजोबांचा परिच्छेद गेला. मी वर नुसता उतरवून ठेवलेला काकांचा मथळा तिनं आधी खोडला. मग शेवटच्या परिच्छेदापाशी आली, ‘आमच्यातल्या एका कंडक्टरनं’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मी’.

‘आता मी खाली माझं नाव घालणार,’ ती म्हणाली. ‘तुझ्या नावानं माझी चूक कशाला?’

सेक्रेटरीकाकांनी फोनवर वाचून घेतलं आणि विचारलं, मॅडम, हे पत्रक आपल्या बाजूचं हाय का त्यांच्या? दुसरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून ते छापलं गेलं. सोमवारी फाटकावर ते वाचून दाखवताना आजोबांच्या परिच्छेदाला इतकं हसणं झालं म्हणे की काकांना पुढचं भाषण सुचेना. पण पत्रकं खाली पडलेली दिसली नाहीत. लोकांनी ती घरी नेली. एक वरच्या साहेबांच्या टेबलावरही पोचलं. ते कुणी नेऊन ठेवलं, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा कुजबुज तशीच होती. कमीही नाही, जास्तही नाही. एका सकाळी मी आईच्या गाडीनं पैठणला निघाले. डेपोतून गाडी सुटायच्या आधी सेक्रेटरीकाका दारापाशी आले आणि आईला म्हणाले, मॅडम, एवढा बोभाटा केला तुमच्या लेकीनं, पण त्यात आपण जिंकलो का हरलो ते अजून कळालं नाय बघा.

‘गाडीत हाय ना मी अजून?’ आई म्हणाली. ‘मग सरका, लोकांना चढू द्या.’