वडिलांची बन्सी
परवा दशाश्वमेध घाटाच्या वाटेवर एका दुकानदाराने गिऱ्हाइकापुढे मासे धरायचा गळ ठेवला, "ई बंसी बढ़िया हौ" म्हणाला, आणि मला भर बाजारात हसू फुटलं. माझ्या लहानपणी इंग्रजांचं राज्य होतं, वडील इथल्या पाठशाळेत संस्कृत शिकवत. शेजारचे रेल्वेतले बाबू एकदा त्यांना म्हणाले, "पंडितजी, इतवार को सपरिवार पहाड़वाले ताल पर चलिए, बंसी लेकर बैठेंगे." आम्हा मराठी माणसांना बन्सी म्हणजे बासरीच, आणि बासरी म्हणजे वडिलांचा जीव की प्राण, ते लगेच हो म्हणाले. आईने दशम्या बांधल्या. आगगाडीने मिर्झापूर, पुढे एका घोड्याच्या एक्क्यातून धक्के खात आम्ही डोंगरातल्या त्या तलावाशी पोचलो. हिरवंगार पाणी, तापलेल्या दगडांचा वास. बाबूंनी पिशवीतून काठी, गळ आणि गांडुळांचा डबा काढला, तेवढ्यात वडिलांनी रेशमी खोळीतून बासरी काढली. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघतच राहिले. परक्यांसमोर कधी तोंड न उघडणारी आई पदरात तोंड खुपसून म्हणाली, "अहो, मासे धरायला आणलंय त्यांनी आपल्याला!" बाबू ओशाळून गळ गुंडाळू लागले, तसे वडील म्हणाले, "नहीं नहीं, आप अपनी बंसी चलाइए, हम अपनी." मग ते उन्हं कलेपर्यंत वाजवत होते, आणि बाबू काठी हातात धरून ऐकत होते, गळाला गांडूळ लावायचं त्यांना सुचलंच नाही. आता आमच्या घरात सगळ्यांचं हिंदी अगदी साफ आहे. तशी चूक करण्याइतकं मराठी कुणाकडेच उरलेलं नाही.