देवाजी भाऊंनी वाळवलेला कागद

शिपाई म्हणे!

देवाजी मेश्राम काल गेले. ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर बातमी पडली, "आपले शिपाई देवाजी वारले." खाली हात जोडलेल्यांची रांग. झालं, संपला माणूस.

मी सांगते ते कोण होते. बसा जरा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, इंग्रजीत रागावणारी.

कुत्र्याच्या कातडीवरची गाठ कापून काढली, की मालकाचा एकच प्रश्न असतो. परत येईल का?

त्याचं उत्तर मी मोजून द्यायचे. गाठीचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. वर लावलेल्या आरशातून पेशी कागदावर दिसायच्या. प्रत्येक पेशीचं केंद्रक पेन्सिलने गिरवायचं, कात्रीने कापायचं. अशी पन्नास कात्रणं एका पाकिटात, आणि पाकीट काचेच्या पेटीतल्या काट्यावर.

केंद्रकं मोठी, तर कागद जड. कागद जड, तर गाठ वाईट.

हसू नका. कॉम्प्युटर नव्हता आमच्याकडे.

गिरवायचे मी, कापायचे देवाजी भाऊ. त्यांच्यासारखी कात्री चालवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एका पावसाळ्यात अहेरीकडची सोमीबाई लाकडाच्या ट्रकमधून तिच्या कुत्र्याला, काळ्याला, घेऊन आली. त्याच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ. रानडुकरांपासून तिचं धान राखणारा तो एकटाच. मी गाठ काढली आणि दहा दिवसांनी बोलावलं.

दहा दिवसांनी ती आली, तेव्हा पाकीट जड भरलं होतं. उन्हाळ्यात मोजलेल्या ज्या कुत्र्यांच्या गाठी परत आल्या, त्यांच्या रांगेत.

मी तिला सांगितलं, "ही गाठ आतून पसरेल. जंगलात हाल होऊन मरण्यापेक्षा इथेच शांतपणे झोपवू."

ती बराच वेळ काळ्याचे कान चोळत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेली हायेस, बाई. कर."

मी सुई भरली. कुत्रा धरायचं काम देवाजी भाऊंचं.

ते हलले नाहीत.

"मी नाई धरत."

"देवाजी, डोन्ट बी इम्पर्टिनंट!"

"इंग्रजीत बोलल्या तरी कागद ओलाच राह्यते, बाई."

मला काही कळेना.

"उन्हाळ्यात कापताना कागद कुरकुर वाजे. आता वाजत नाई. पानी पेला तो. कागद जड झाला, कुत्रा नाई."

मी म्हटलं, सिद्ध करा. रागानेच म्हटलं.

त्यांनी उन्हाळ्यातलं एक जुनं पाकीट काढलं. वजन त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं. काट्यावर ठेवलं.

तीच पन्नास कात्रणं. वजन वाढलेलं.

मी सुई खाली ठेवली.

मग दोन्ही पाकिटं स्लाइड वाळवायच्या ओव्हनमध्ये घातली आणि तासाभराने पुन्हा तोलली. काळ्याचं पाकीट हलकं भरलं. ज्यांच्या गाठी परत आल्या नाहीत, त्या रांगेत आलं.

सोमीबाईला सांगितलं, "घेऊन जा त्याला. जगेल."

तिने सुईकडे बोट दाखवलं. "मंग सुई कायले भरली होती?"

उत्तर देवाजी भाऊंनी दिलं.

"माह्यासाठी, माय. बाई मलेच डोस देऊन राह्यल्या होत्या."

तीन वर्षांनी मार्कंड्याच्या जत्रेत सोमीबाई भेटली. काळ्या सोबत होता. तोंड पांढरं झालेलं, खांदा साफ. तो माझ्यावर गुरगुरला. त्याचं काही चुकलं नाही.

आता उरलेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वर पाठवायचा रिपोर्ट मी लिहिला. त्यात एक ओळ होती, "कागद वाळवूनच तोलावा." देवाजी भाऊंना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली.

त्यांनी विचारलं, "आन हे कोनं सांगतलं, ते कुठी हाये?"

मी म्हटलं, "रिपोर्टात शिपायाचं नाव घालत नाहीत, देवाजी."

त्यांनी कात्री पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वेळेवर आले.

तेव्हा ग्रुपवाल्यांवर मी कशाच्या तोंडाने चिडू? तो शब्द आधी माझ्याच तोंडून गेला होता. निवृत्त झाले, केस पिकले, आणि ती ओळ दुरुस्त करायची राहूनच गेली.

आज करते. रिपोर्ट कुठल्या कपाटात कुजला असेल देव जाणे. इथे तरी चार लोक वाचतील.

"कागद वाळवूनच तोलावा. ओल्या कागदाची चूक देवाजी लहानू मेश्राम, चंद्रपूर, यांनी शोधली."

उशीर झाला, भाऊ. माफ करा.

जय भीम.