लुईझाबाईची इर्जिक

कोर्लईच्या लुईझाबाई वेगसना नाही म्हणून दाखवा, असं मी कुणालाही सांगीन. रेवदंड्याच्या बाजारात भाजी विकणारी ही बाई. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, तेव्हापासून घर एकटीनं ओढलं. निसर्ग वादळात तिचं अर्धं छप्पर उडालं. तिनं वर ताडपत्री बांधली आणि दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये जाऊन फादरना म्हणाली, "पत्रे कधी येतायत?" स्वतःसाठी नव्हे. चर्चच्या मंडळानं मुंबईहून मदत मागवली होती, आणि वाटपाच्या यादीत हिनं आपलं नाव सगळ्यात शेवटी घालून घेतलं होतं.

टेम्पो माझा होता, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

पत्रे भरून फादर, लुईझाबाई आणि मी काशीदच्या पुढच्या बौद्धवाडीत पोचलो. घरं उघडी पडली होती आणि पाऊस तोंडावर होता. पहिलंच घर चंदाबाईंचं. त्यांची सून प्रज्ञा दिवस भरलेली, भिंतीच्या आडोशाला बसली होती. छप्पर दोन दिवसांत झालं नाही, तर बाळ पावसातच जन्माला येणार, हे कुणीही सांगितलं असतं. फादरनी बायांना रांगेत उभं केलं. देणगीदारांना पाठवायला प्रत्येकीचा पत्रा हातात घेऊन फोटो हवा होता.

चंदाबाई पुढं आल्या. "माझ्या सासूनं दारोदार भाकर मागितली. छप्पन साली आमी धम्म घेतला, तवापासून ह्या घरात कुनी हात पसरला न्हाय. पत्रे घेऊन जा."

त्या मागं फिरल्या तशी सगळी रांग मोडली. मी टेम्पो वळवला. सुनेची ही अवस्था आणि हिचा ताठा! रस्त्याला लागल्यावर मी पुटपुटलो, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"तो पीळ हाय म्हनून ती मानसं उभी हायेत!" लुईझाबाई कडाडली. "थांबव गाडी. वळव."

"बाई, ते घेणार नाहीत."

"देवानं हात दिले ते नुसते जोडायला न्हाय. वळव म्हनते ना!"

वळवली. दुसरा इलाजच नव्हता.

चंदाबाईंच्या अंगणात जाऊन ती सरळ खाली बसली. "बाय, चुकलं आमचं. दान न्हाय, इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे एकाच्या शेतावर सगळ्यांनी मिळून राबायचं, मालकानं जेवू घालायचं, आणि पाळी आली की त्यानं दुसऱ्याकडं राबायला जायचं. मजुरी नाही, उपकारही नाहीत.

"आनि पत्रे?" चंदाबाईंनी विचारलं.

"इर्जिकीला ज्याच्याकडं औत तो औत आनतो. आमच्याकडं पत्रे हायत. तुमच्याकडं काय हाय?"

चंदाबाईंनी उघड्या आढ्याकडं बघितलं. "माझा पोरगा बाळाराम सुतार हाय," त्या म्हणाल्या. "आनि भात, सुक्या सोड्याचं कालवण. चालंल?"

"व्हय तर! चूल पेटवा."

त्या दिवशी बाळाराम आढ्यावर आणि आम्ही खाली. फादर कॉलर काढून पत्रे उचलत होते. दुपारी पंगत बसली, चंदाबाईंनी फादरना आग्रहानं वाढलं, आणि देणगीदारांना फोटो गेला तो त्या पंगतीचा. वाडीची बाकीची छपरंही अशीच चढली. प्रज्ञाला मुलगी झाली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि घरात थेंब नव्हता.

कोर्लईला मात्र यादी संपायच्या आत पत्रे संपले. लुईझाबाईच्या घरावर ताडपत्रीच राहिली.

एका सकाळी चंदाबाईंचा मला फोन आला, टेम्पो घेऊन या. वाऱ्यानं शेतात नेऊन टाकलेले पत्रे वाडीनं गोळा केले होते, ठोकून सरळ केले होते. बाळाराम, चार बाया आणि ते पत्रे घेऊन आम्ही लुईझाबाईच्या दारात उतरलो.

ती आडवी आली. "नको गं बाय, कशाला त्रास? आधी दुसऱ्यांचं होऊ दे. माझं चाललंय."

चंदाबाईंनी तिला हातानं बाजूला केलं. "द्यायला येतं, पन घ्यायला येत न्हाय तुला. आज मालकीन तू हायस. चूल पेटव, मानसं उपाशी हायेत."

बाळाराम शिडी लावून वर चढला. लुईझाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि किती जणांचा भात टाकू, असं मला विचारलं.