मांडावरून आलेला मिस्ड कॉल

सुतक असलेल्या घराच्या दारात मी धालोची गाणी वाजवली. तीही मेलेल्या बाईच्याच आवाजात. असला गाढवपणा करायला अंगी हुशारी लागते, आणि तेव्हा ती माझ्यात मावत नव्हती. पंचावन्नची होते, म्हणजे तशी पोरगीच.

पणजीत एका संस्थेत मी लोकगीतांचा डिजिटल संग्रह सांभाळत असे. पेडण्यातल्या एका वाड्यावरच्या म्हातारीला धालोची, म्हणजे पौषातल्या रात्री बायका जमून गातात-नाचतात तेव्हाची, सगळी गाणी येत. तिनं पहिलं गाणं उचलल्याशिवाय मांडावर, धालोच्या त्या ठरलेल्या अंगणात, बायका पाऊल टाकत नसत. सून काही गायला तोंड उघडत नव्हती. "माज्या मागसून मांड रिकामो ऱ्हावता नये," म्हणत म्हातारीनं अंगणात बसून मला गाणी रेकॉर्ड करू दिली.

मी संगणकाला कामाला लावलं. दर जानेवारीत ठरावीक तारखेला, सकाळी सातला, गाणी आपोआप वाड्यावरच्या बायकांच्या फोनवर जायची, म्हणजे धालोआधी सराव होईल. कुणाला आठवण करायला नको, कुणाला विचारायला नको. ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

माझं माहेर डिचोलीचं. वाड्यावर मयत झालं की धालो पुढे जातात, हे मला परकरात असल्यापासून ठाऊक. पण संगणकासमोर बसले की मी माहेर विसरायची.

पहिल्याच जानेवारीत म्हातारी गेली. तिसऱ्या दिवशी सातला शेजारणीनं फोन उघडला आणि सुनेला कुडापलीकडून सासूचा आवाज ऐकू आला, बायकांना मांडावर बोलावणारा. ती हातातली कळशी टाकून बाहेर धावली म्हणे.

बारावं झाल्यावर मी बसनं पेडण्याला गेले. वाटेत माफीचं भाषण पाठ केलं होतं, उंबऱ्यावर सगळं विसरले. सुनेनं चहा ठेवला.

"सांगशील तर सगळी गाणी पुसून टाकते," मी म्हटलं.

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "पुसू नको. पण तुज्या घड्याळाक काय कळता गो? सासू आदी दिवो लावी, सगळ्यो इल्यो काय बघी, मगे तोंड उघडी."

परतल्यावर मी ती तारीख काढून टाकली. नवी व्यवस्था अशी केली: मांडावर दिवा लागला की सुनेनं संग्रहाच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्यायचा. तिच्या नंबरवरून तो पडला की गाणी आपोआप सगळ्यांकडे जातील. नाही पडला तर काहीही जाणार नाही, कॅलेंडर काय वाटेल ते म्हणो.

पहिलं वर्ष दुःखाचं, फोन आला नाही. दुसऱ्या वर्षी पौष अर्धा सरला तरी नाही. फोन बिघडला तर नाही ना, म्हणून मी दिवसातून तीनदा माझ्याच नंबरवरून त्याला वाजवून बघायची. संध्याकाळी तो घरी घेऊन यायची. मांड रिकामा राहिला तर तो मीच रिकामा केला, हे कुणी म्हणायची गरज नव्हती.

एका तिन्हीसांजेला फोन एकदा वाजला आणि थांबला. नंबर सुनेचा होता. मी दिवाबत्ती तशीच ठेवून खाली बसले. गाणी आपोआप गेली.

सकाळी मीच तिला फोन लावला. "पोचली गं गाणी?"

"पोचली बाय," ती म्हणाली, "पण पयला गाणा मियाच म्हटलंय. सासूक मागसून लावलंय."