डॉक्टरबाई, शुक्रवार आणि सगुणाची मशेरी

दाताच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. खुर्चीत बसलं की पेशंटच्या तोंडात डॉक्टरांचे हात, त्याला बोलता येत नाही. मग बसण्याआधी आणि उठल्यावर तो सगळं बोलून घेतो! मंडईजवळच्या आमच्या दवाखान्यात मी तीस वर्षं हत्यारं उकळली, दात भरायचं सिमेंट कालवलं, नावं पुकारली. शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं कमी. त्यामुळे ऐकणं बरंच झालं.

आमच्या डॉक्टरबाई अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. पण एकदा धरलं की सोडायच्या नाहीत. दात असो नाहीतर माणूस.

सगळ्यात जास्त दिवस त्यांनी धरलं ते माझ्या बायकोला, सगुणाला.

सगुणा वाघोलीच्या शेतकऱ्याघरची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि त्या मशेरीने सकाळ-संध्याकाळ दात घासायचे, हे तिच्या आईपासूनचं. दाताच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्याच्या घरात मशेरी! मी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. एकदा मी जेवणाचा डबा विसरलो, तो द्यायला ती आली. बाईंनी तिला हसताना पाहिलं.

"वहिनी, बसा खुर्चीवर."

"मला काय झालंय?"

"तेच बघते."

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. पुसला तरी जात नव्हता. बाईंनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाचं नाव धड पुकारलं नाही. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही, पण बाई हसल्या नाहीत. "आज नाही, एवढंच. मशेरी सोडली तर चट्टा मागे जाऊ शकतो. नाही सोडली तर त्याचा कॅन्सर होऊ शकतो."

सगुणा म्हणाली, "जेवान सोडीन, पर मशेरी न्हाई सुटायची."

"ठीक आहे. मग दर शुक्रवारी या, आणि हेच मला सांगा."

* * *

अशी सगुणा दर शुक्रवारी बाकावर येऊन बसायला लागली. पहिल्याच शुक्रवारी एक निवृत्त मास्तर आले. गार पाणी दातांना झोंबतं म्हणाले. हिरड्या मागे सरकलेल्या, मुळं उघडी.

"रोज पंधरा मिनिटं घासतो! चांगला जोर लावून!" त्यांनी खिशातून ब्रश काढून दाखवला. त्याचे केस चारी दिशांना गेले होते.

बाई म्हणाल्या, "सर, आपण दात घासता की त्यांना शिक्षा करता?"

"मग किती वेळ घासू?"

"दोन मिनिटं. सकाळी आणि झोपताना. मऊ ब्रश, हलका हात. आणि हा ब्रश आता खिडकीच्या गजांना वापरा."

"गजांना वेगळा आहे," मास्तर म्हणाले, "तो नवा आहे!"

* * *

पुढच्या शुक्रवारी मंडईतला एक भाजीवाला आला. गाल भोपळ्यासारखा सुजलेला. वरची दाढ पार किडलेली, पण काढायला तयार नाही.

"वरचा दात काढला की नजर जाते म्हणतात, बाई."

"कोण म्हणतं?"

"सगळेच!"

"दाताचा आणि नजरेचा काही संबंध नाही. ही कीड मात्र तशीच ठेवलीत तर पू पसरेल." बाईंनी औषध देऊन आधी सूज उतरवली आणि आठवड्याने दाढ काढली. कापूस दाबला. मग त्याला खिडकीशी उभं केलं. "काही दिसतंय का?"

त्याने खाली आपल्या गाळ्याकडे पाहिलं आणि कापसासकट ओरडला, "अहो ताई, भेंड्या मोडू नका!" आणि जिना उतरून पळाला. कापूस किती वेळ दाबून धरायचा, ते मला मागे पळत जाऊन सांगावं लागलं.

सगुणा पदर तोंडाला लावून हसत होती. बाई तिच्याकडे वळल्या. "हं, वहिनी?"

"न्हाई सुटायची."

"बरं. पुढच्या शुक्रवारी."

* * *

नंतर एक पेठेतले गृहस्थ भांडायलाच आले. "आपण परवा माझे दात साफ केलेत. आता फटी पडल्या! साफ केल्याने दात हलतात, हे मला आधीच कळायला हवं होतं."

बाईंनी शांतपणे सांगितलं, "फटी जुन्याच आहेत. त्यांत कीटण भरलं होतं. त्याच कीटणामुळे हिरड्या सैल झाल्यात. म्हणत असाल तर परत भरून देते."

गृहस्थांनी विचार केला. "तसं नको. पण एकदम सगळं कशाला काढलंत?"

त्या दिवशी घरी जाताना सगुणा रस्ताभर जिभेने आपले दात चाचपत होती.

* * *

घरी मी मशेरीची डबी फेकून देऊ शकलो असतो. पण बाईंनी बजावलं होतं, "दत्तोबा, ओढून घ्यायचं नाही. त्यांची त्यांना सोडू द्या. तुम्ही फक्त सोबत करा."

सोबत कशी करायची, मला कळेना. सगुणानेच मार्ग काढला. "तुमी चहा सोडा. मग बघू." मी समोरचा कप तसाच खाली ठेवला. पुढचे चार दिवस माझं डोकं ठणकत होतं, ती भांडी आपटत होती.

शुक्रवारी मात्र तिचं तेच. "न्हाई सुटायची." मी खाली मान घालून सिमेंट कालवायचो.

असे बरेच शुक्रवार गेले. एकदा बाईंनी तिच्या तोंडात पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. चट्टा फिका झाला होता.

"वहिनी, सोडून किती दिवस झाले?"

"पाच आठवडं."

"मग दर वेळी 'नाही सुटायची' काय म्हणता?"

"तुमीच म्हणाला व्हता की, हेच येऊन सांगा!"

बाई तोंडावर हात धरून हसल्या. मग मात्र त्यांनी बजावलं, "अजून संपलेलं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि सांभाळा, चारचौघींत बसलात की हात आपोआप जातो."

* * *

तो दिवस लवकरच आला. वाघोलीला तिच्या भाचीचं लग्न. हळदीच्या दिवशी सकाळी परसात सगळ्या बायका ओळीने मशेरी लावत बसलेल्या. बोट तोंडात, गप्पा चाललेल्या, डबी या हातातून त्या हातात. सगुणा मधोमध बसली होती. मी पायरीवर बसून लांबून बघत होतो. डबी तिच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हातात आली. अक्काने बोटभर घेतली आणि डबी सगुणापुढे धरली.

"घे की. डाक्टरीण काय हितं बघाया येतीय व्हय?"

सगुणाने डबी घेतली. उघडून वास घेतला. बराच वेळ घेतला. मी पायरीवरून उठलो नाही.

मग तिने झाकण लावलं, डबी पदराखाली ठेवली आणि अक्काची हनुवटी धरली.

"आ कर."

"अगं, मला काय धाड भरलीय?"

"मलाबी भरली नव्हती. आ कर. अजून. जीभ वर घे."

अक्काने तोंड उघडलं. बाकीच्या बायकांनी तोंडातली बोटं काढली. सगुणाने अक्काचा गाल बोटाने बाजूला केला, मान तिरकी करून आत पाहिलं, आणि मला हाक मारली,

"अहो, बॅटरी आणा! आणि हितनं कुनी उठायचं न्हाई. सगळ्यांची बघनार हाय!"