आज मी मुलांसमोर रडले

मी इथे सहसा काही लिहीत नाही.

चोपड्याजवळच्या गावात मी बालवाडी चालवते. मागच्या महिन्यात माझी आई गेली. आज मुलांना केळी सोलून देताना एकदम रडू आलं, थांबेना.

चार वर्षांच्या परीनं विचारलं, "बाई, तू काब्रं रडी ऱ्हायनी?"

"मनी माय मरी गयी, बेटा."

ती जाऊन उंबऱ्यापाशी बसली. आमच्याकडे माणूस गेलं की लोक असेच दारावर येऊन मुकाट बसतात आणि चहा घेऊन उठतात. तिच्यामागे सगळी पोरं बसली. थोड्या वेळानं एक जण म्हणाला, "बाई, चहा नही का?"

रडता रडता मला हसू फुटलं.

तेवढ्यात पर्यवेक्षिका आल्या. "मुलांसमोर हसतमुख राहायचं, प्रशिक्षणात सांगितलंय ना? सावरेपर्यंत रजा घ्या."

मी कधी उलट बोलत नाही. आज बोलले. "ताई, रजा घेणार नाही. ही परी रडली की मी जवळ बसते. आज ती माझ्याजवळ बसली. यात बिघडलं काय?"

त्या हजेरीपटावर सही करून गेल्या.

उद्याही वर्ग मीच घेणार. रडू आलं तर लपवणार नाही.

लहान मुलांना सांभाळणाऱ्या बायांनो, तुम्ही रडायला कुठे जाता?